बोडीखालचा चढ

दरेकसा
९ जुलै २०२५

चि. नीला,

भाचीला मामाचा पाया पडणे. दर वेळी तू रागावतेस, पण मामानं भाचीच्या पाया पडायचं ही आपल्याकडची रीत माझ्या आधीची आहे आणि माझ्यानंतरही राहील.

फोन न करता पत्र का लिहितोय ते तुला ठाऊक आहे. मागच्या वेळी इंजिन ऑइलवरून आपण एवढे भांडलो की तुझ्या आईला गोंदियाहून मध्ये पडावं लागलं. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस. पुढे सगळं पत्रानंच.

विषय आपल्या अँबेसेडरचा. तुझ्या आजोबांनी, बाबूजींनी, चौऱ्याहत्तर साली घेतलेली मार्क टू अजून पहिल्या सेल्फला उठते. पण मागच्या दिवाळीत मंडईच्या जत्रेला जाताना बोडीच्या पाळीखालच्या, त्या तळ्याच्या बांधावर जाणाऱ्या चढावर ती फसली, आणि आत कोण, तर प्रफुलचे सासू-सासरे. डावं मागचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत, उजवं हवेत गरगर. शेवटी केवलरामचा ट्रॅक्टर आणावा लागला आणि व्याह्यांचा पांढरा झब्बा चिखलानं भरला. तेव्हापासून आमच्या या चिरंजीवांचा एकच धोशा आहे, विका ती गाडी. रायपूरचा कुणी माणूस वरातीसाठी जुन्या गाड्या घेतो, त्याला त्यानं माझा नंबरही देऊन टाकला. खूप वाद झाला आणि मग करार ठरला. यंदा मंडईच्या दिवशी घरची सगळी मंडळी बसवून गाडी तो चढ कुणाच्या मदतीशिवाय चढली, तर ती आपल्या दारात राहील. नाही चढली तर रायपूर. बाबूजींची गाडी दुसऱ्याच्या वरातीत फिरलेली मला बघायची नाही.

तू भोसरीत गिअर कापतेस, रॅलीवाल्यांसाठी लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल बनवतेस. आपल्या गाडीच्या मापाचा एक करून दे. मला प्लेटवाला हवा, हे मी ठरवून टाकलंय. सालेकस्याचा मनिराम मिस्त्री बसवून देईल. तो तसाही उजव्या मडगार्डचा पोचा काढायला गाडी नेणार आहे.

मामी बरी आहे. हल्ली शेतावर जास्त असते.

तुझा,
चुन्नीलाल मामा


भोसरी
१७ जुलै २०२५

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. समोर करू देत नाही, म्हणून पत्रात करून घेते.

डिफरेन्शियल करून देईन, त्यात काही अडचण नाही. पण कुठला, ते मी ठरवणार. दुकानात जाऊन गोळीचा रंग सांगणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही.

आधी मूळ दुखणं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरेन्शियल दोन्ही चाकांना आपापल्या गतीनं फिरू देतो. इथवर तो गुणाचा. पण एक चाक हवेत गेलं की हा शहाणा सगळी फिरकी त्या रिकाम्या चाकाला देऊन बसतो आणि जमिनीवरचं चाक उभंच राहतं. घरातल्या आळशी पोराला तूप वाढल्यासारखं.

यावर आमच्याकडे दोन उपाय आहेत. प्लेटवाल्यात मोटारसायकलच्या क्लचसारख्या प्लेटा असतात, त्या दोन्ही चाकांना कायम थोडं जखडून ठेवतात. चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. पण ओल्या डांबरावर वळताना मागची दोन्ही चाकं एकदम सटकू शकतात आणि गाडी शेपूट फिरवते. गिअरवाला मवाळ आहे. एक चाक घसरायला लागलं की आतले तिरपे दाते एकमेकांवर दाबले जातात आणि दुसऱ्या चाकाला त्याच्या कितीतरी पट बळ मिळतं. ओल्या रस्त्यावर तो समजूतदारपणे वागतो, जन्मभर टिकतो. खोट एकच. चाक पूर्ण हवेत असेल तर त्याचं काही चालत नाही, कारण शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्य.

पण त्यावर औषध तुमच्याकडेच आहे. हँडब्रेक दोन दाते ओढायचा, हवेतल्या चाकाला जरा अडवायचं, की बळ दुसरीकडे जातं. मी दहावीत असताना त्याच चढावर तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा गिअरवाला पाठवते. मामीला नमस्कार.

नीला

ता. क. अक्षर एवढं मोठं काढायला लागलात? पोस्टकार्डावर दोन ओळींत पत्र संपेल अशानं.


दरेकसा
२५ जुलै २०२५

चि. नीला,

पाया पडणे.

गिअरवाला नको. प्लेटवाला पाठव. हँडब्रेकची युक्ती वगैरे आता नको. चढाला गाडी लावली, ॲक्सिलेटर दिला आणि वर गेली, असं सरळ काम पाहिजे. चालवणाऱ्याला काही करावं लागू नये.

शेपूट फिरवते म्हणतेस, तर मी काही कालचा ड्रायव्हर नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? या रस्त्यावर चाळीस वर्षं गाडी हाकली आहे.

अक्षर मोठं आहे कारण पेन जाड आहे.

चुन्नीलाल मामा


भोसरी
४ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

तुमच्या पत्राची दोन टोकं एकमेकांना मिळत नाहीत. चाळीस वर्षांचा ड्रायव्हर हँडब्रेकला का भितो? तुम्ही तर कुणी चढावर रेस वाढवत बसलं की "नुसता आवाज कायले करून राहिला" म्हणून ओरडायचात.

मला वाटतं तुमचा हात दुखतोय, खांदा धरलाय किंवा त्याहून काही जास्त आहे. आईला विचारलं तर तीही विषय बदलते. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमच्या गाडीत काय बसवायचं हे मी तुमच्या गाडीवरून ठरवत नाही, ती चालवणाऱ्यावरून ठरवते. खरं कारण कळेपर्यंत मी एकही दाता कापणार नाही.

उत्तराची वाट बघते. जाड पेननं लिहिलंत तरी चालेल.

नीला


दरेकसा
१४ ऑगस्ट २०२५

चि. नीला,

पाया पडणे. भाचीनं विचारल्यावर खोटं बोलवत नाही, म्हणून मी तुझं पत्र आठवडाभर फोडलंच नव्हतं.

हात ठणठणीत आहे. उजवा डोळा गेला. काचबिंदू निघाला. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, डावा डोळा मात्र औषधानं टिकेल. मार्चमध्ये आमगावहून येताना उजवीकडून आलेली बैलगाडी मला दिसलीच नाही. मडगार्डचा पोचा तिचाच. बैलांना आणि माणसाला काही झालं नाही, पण त्या दिवशी दारात गाडी लावली आणि चावी निर्मलाच्या हातात दिली. प्रफुलला डोळ्याचं माहीत आहे. म्हणूनच तो गाडी विका म्हणतो, व्याह्यांच्या झब्ब्याचं नुसतं निमित्त आहे. चालवणारंच नाही तर गाडी ठेवून करता काय, असं त्याचं म्हणणं.

उत्तर तुझ्या मामीनं दिलं. चावी हातात दिल्यावर तिनं ती खुंटीला लावायला हवी होती. तिनं विचारलं, "याचा पहिला गिअर कोनीकडं हाय?" मी हसलो, पण ती हसली नाही. तेव्हापासून शेतातल्या खळ्यावर रोज शिकते आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी लर्निंग लायसन्स काढलं आणि आता पक्कंही मिळालं. स्टेअरिंगजवळच्या त्या गिअरच्या दांड्याशी मनिरामचीही झटापट होते, पण ती ताक घुसळावं तसा तो फिरवते. प्रफुलला यातलं काही ठाऊक नाही. मंडईच्या दिवशी स्टेअरिंगवर ती बसेल.

म्हणून प्लेटवाला हवा. ऐन चढावर क्लच, ॲक्सिलेटर आणि वरून हँडब्रेक, हे नव्या माणसाला झेपायचं नाही. सगळ्यांसमोर गाडी फसली तर ती पुन्हा चावीला हात लावणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. गाडी जाईल याचं दुःख आहेच, पण तिचं मन मोडलेलं मला पाहवणार नाही.

आता तरी पाठव.

चुन्नीलाल मामा


भोसरी
२३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. निर्मलामामी,

नमस्कार. हे पत्र मामांना नाही, तुम्हाला आहे. त्यांनी फोडलं असेल तर त्यांच्याकडून ते काढून घ्या.

मामांचं पत्र वाचून मला रडू आलं, डोळ्यामुळे आणि तुमच्यामुळेही. मग स्वतःचाच राग आला. मी चढ विचारला, चाक विचारलं, मामांच्या खांद्यापर्यंत पोचले, पण गाडी कोण चालवणार हे मला विचारायला सुचलं नाही. आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी तुम्हाला न विचारता तुमच्यासाठी ठरवूनही टाकलं.

तेव्हा आता तुम्हीच सांगा. प्लेटवाला असेल तर चढ सोपा जाईल, काही युक्ती करावी लागणार नाही. पण पावसात डांबरावर वळणाला पाय जरा जास्त पडला तर गाडीची मागची बाजू बाहेर जाऊ शकते, आणि तेव्हा सावरायला सराव लागतो. गिअरवाला असेल तर रस्त्यावर निर्धास्त राहाल, मात्र त्या चढावर चाक उचललं गेलं तर हँडब्रेक दोन दाते ओढावा लागेल. दोन्ही मी सारख्याच मनानं बनवीन. तुम्ही गाडी कुठे कुठे नेणार आहात?

तुमची,
नीला


दरेकसा
२ सप्टेंबर २०२५

चि. नीला,

तुला मामीचा आशीर्वाद. पत्र त्यांनी फोडलं नव्हतं, पण उजेडाला धरून पाहत होते.

मी कुठे जाणार ते लिहिते. बचत गटाच्या कामाला सालेकस्याच्या बँकेत. आमगावच्या बाजाराला. तुझ्या मामांना दर महिन्याला गोंदियाला डोळे दाखवायला. हा सगळा डांबरी रस्ता आहे, पावसाळ्यात ट्रकवाले अंगावर येतात आणि दरेकस्याच्या घाटात वळणं आहेत. तो चढ वर्षातून पाच-सहा वेळा. तेव्हा मला गिअरवालाच पाठव. चढावर माझ्यासमोर कुणी येत नाही. तिथे थांबता येतं, विचार करता येतो. रस्त्यावर विचार करायला वेळ कोण देतं?

हँडब्रेकचं म्हणशील तर मी चुलीवर एका हातानं भात उतरवते, दुसऱ्यानं भाजी हलवते आणि तोंडानं तुझ्या मामांना उत्तर देते. मला तीन कामं एकदम झेपायची नाहीत असं त्यांना कशावरून वाटलं, ते मी त्यांना विचारलं. तेव्हापासून ते माझ्याशी फार गोड बोलत आहेत.

काल त्यांना बाजूला बसवून चढावर नेलं. आता जुनाच डिफरेन्शियल आहे, गाडी फसली. मी म्हटलं, मले शिकवा. त्यांनी शिकवलं. चौथ्या खेपेला चढली, पण फार रडत-कुथत. नवीन बसल्यावर बरी चढेल.

मामी


भोसरी
१५ सप्टेंबर २०२५

ती. मामी आणि मामा,

गिअरवाला तयार झाला. दाते मी स्वतः कापले, शेवटची घासणीही माझ्याच हातची आहे. आज पार्सल पाठवते आहे. मनिराम मिस्त्रींना वेगळी चिठ्ठी लिहून आत ठेवली आहे, ती त्यांनाच वाचू द्या. मामा, तुम्ही वाचलीत तर तुम्ही त्यांना शिकवत बसाल. पहिले काही दिवस गाडी हळू चालवा आणि काही वेगळं वाटलं तर लगेच कळवा.

मामी, तुमचं पत्र मी आमच्या वर्कशॉपच्या फळ्यावर लावलं आहे. थांबता कुठे येतं आणि कुठे नाही, हे आमच्या रॅलीवाल्यांपैकी एकानंही मला कधी सांगितलं नव्हतं.

नीला


दरेकसा
८ ऑक्टोबर २०२५

चि. नीला,

मामीचा आशीर्वाद. थोडी अडचण झाली आहे.

मनिरामनं डिफरेन्शियल बसवला तेव्हा गाडी लोण्यासारखी चालत होती. नवरात्रात मी सालेकस्याला दोनदा जाऊन आले. मनिराम म्हणाला, "भाचीनं मस्त चीज बनवली, मामी." दसऱ्याला गाडीची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी आमगावला निघालो, तर गाडी उजवीकडे जायला लागली. ॲक्सिलेटर दिला की उजवीकडे, सोडला की सरळ. घरी आल्यावर मामांनी खाली वाकून डिफरेन्शियलच्या भांड्याला हात लावला, तर चटका बसला.

मामा म्हणतात, नवीन डिफरेन्शियलमध्ये खोट आहे, तो काढून जुना परत बसवू. मनिराम म्हणतो, आधी भाचीला विचारा. प्रफुल दिवाळीला येतो आहे आणि मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे. मला मात्र वाटतं की खोट तुझ्या कामात नाही. आधी ठीक होती, मग बिघडली. मध्ये काहीतरी झालं असणार, पण दसऱ्याच्या पूजेशिवाय तर काही झालं नाही.

मामी


भोसरी
१२ ऑक्टोबर २०२५

ती. मामी,

मी लगेच फोन केला होता. मामांनी उचलला आणि "पत्रात लिही" म्हणून ठेवून दिला. म्हणून स्पीडपोस्टानं पाठवते.

जुना डिफरेन्शियल बसवू नका. तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, मध्ये दसरा झाला. आपल्या घरी दसऱ्याला गाडीला काय चढवतात? फूल, लिंबू आणि एक नवीन टायर. बाबूजींच्या वेळेपासून डाव्या मागच्या चाकाला. ट्रकला वाट द्यायला डावं चाक रस्त्याखाली उतरतं, तेच आधी झिजतं, म्हणून नवीन नेहमी त्यालाच. लहानपणी त्या टायरला हळद-कुंकू मीच लावायचे, आणि तरी मला हे आधी सांगायचं सुचलं नाही.

नव्या टायरचा घेर मोठा, उजवीकडच्या घासलेल्याचा लहान. सुतळी गुंडाळून मोजलंत तर फरक दिसेल. सरळ रस्त्यावरही लहान चाकाला जास्त फिरावं लागतं. जुन्या डिफरेन्शियलला त्याचं काही वाटत नव्हतं, तो दोघांनाही मोकळं सोडायचा. नव्याला वाटतं की उजवं चाक घसरतंय, म्हणून तो सारखं डाव्याला बळ देतो आणि डावं चाक गाडीला उजवीकडे ढकलतं. बिचारा पूर्ण वाटभर एक न झालेलं भांडण सोडवत असतो. तापणारच.

उपाय साधा आहे. उजव्या मागच्या चाकालाही तसाच नवीन टायर घाला. यापुढे मागचे टायर जोडीनं बदलायचे.

मामा, हे तुमच्यासाठी. बाबूजींची रीत बाबूजींच्या डिफरेन्शियलला बरोबर होती. आता तो नाही. भाचीचा शब्द मोडायचा नाही ही पण रीतच आहे ना?

नीला


दरेकसा
२६ ऑक्टोबर २०२५

चि. नीला,

मामीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मामांनी वाचलं. संध्याकाळी सुतळी घेऊन एकटेच चाकं मोजत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आमगावला गेले आणि दुपारी टायर घेऊन उतरले. मनिरामनं तो बसवला. मी हळद-कुंकू लावलं, कारण एकाला लावलं आणि दुसऱ्याला नाही असं बरं दिसत नाही. मग घाटातून फिरवून आणली. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ, भांडंही गार.

मंडईच्या दिवशी सगळे तयार झाले. प्रफुल, सूनबाई, तिचे आई-वडील. व्याह्यांनी या वेळी खाकी झब्बा घातला होता. प्रफुल गाडीजवळ उभा राहून म्हणाला, बाबा, तुम्ही तर चालवू नका, मी घेतो. मी उजवीकडचं दार उघडून बसले. तो बघतच राहिला. "आई, तू?" म्हणाला. मी म्हटलं, "काऊन, तुह्या बापानं शिकवली, तं शिकली." तो मागे जाऊन बसला.

आदल्याच दिवशी पाणी पडून गेलं होतं, चढ ओला होता. पहिल्यात गाडी लावली. अर्ध्यावर डावं चाक चाकोरीत उतरलं आणि उजवं उचललं. गाडी थांबली, मागचं चाक फिरायला लागलं. मागून सूनबाईच्या आईचा श्वास मला ऐकू आला. तुझ्या मामांचा हात हँडब्रेककडे निघाला होता, पण तो माझ्या उजव्या बाजूला, त्यांचा हात पोचतो कुठे? मी म्हटलं, "तुमी चूप राहा जी, मी करून राहिली." दोन दाते ओढले. पाय तसाच ठेवला. तुझ्या दात्यांनी धरलं ते मला सीटखाली कळलं बघ. गाडी जराशी दबली आणि सरळ वर आली. पाळीवर आल्यावर मी हँडब्रेक सोडला.

प्रफुलनं तिथेच उतरून रायपूरच्या माणसाला फोन लावला. पाळीवर रेंज असते. गाडी विकायची नाही म्हणाला, आणि कारण विचारलं असावं, तर म्हणाला, "आई चलाती है." मला मिठी मारून रडला, मोठा घोडा झालाय तरी. मीही रडले.

पुढच्या महिन्यात तू गोंदियाला येणार आहेस असं वन्सं म्हणाल्या. स्टेशनवर ऑटो करू नको, मी येते. पुढचं मामा लिहितात.

मामी


नीला,

पाया पडणे. या वेळी रीतीपुरतं नाही.

तिनं मला चूप राहा म्हटलं तेव्हा मी खरंच चूप राहिलो. करायला काही नव्हतं, म्हणून खिडकीतून बाहेर पाहत होतो. चाळीस वर्षं त्या चढावर माझं लक्ष उजव्या चाकावर असायचं. बोडीच्या डाव्या अंगाला मोहाची तीन झाडं आहेत, खाली पाणी आहे आणि पाण्यात पांढरी कमळं आहेत, हे मला परवा कळलं. डावा डोळा चांगला आहे, सगळं स्पष्ट दिसलं.

परत येताना मी तिला तिथे गाडी थांबवायला सांगितली. तिनं थांबवली.

चुन्नीलाल मामा